पौर्वात्य धर्मांचा प्रवेशपाठ

आपला धर्म आपणांस ठाऊक आहे, ही सुशिक्षित माणसाची एक पक्की समजूत असते. लहानपणीं कानांवर पडलेले श्लोक, प्रौढपणीं वाचलेलें गीतेवरील एखादें भाष्य, आणि सणावारीं घरांत चालणारे कुलाचार एवढ्या शिदोरीवर तो आयुष्य काढतो, व कोणी विचारलेंच तर दोन-चार वाक्यांत धर्माचें सार सांगून मोकळा होतो. आमचीहि समजूत याहून निराळी नव्हती. ती गेल्या वर्षीं परदेशांतील एका विद्यापीठाच्या वर्गांत, वीस-वीस वर्षांच्या मुलामुलींच्या शेजारीं बसून, पुष्कळशी ढळली. ज्या अभ्यासक्रमानें ती ढळविली त्याचें परीक्षण करावें, हा या लेखाचा हेतु आहे. ग्रंथांचें परीक्षण करण्याची आपल्याकडे चाल आहे. अभ्यासक्रमांचें कोणी करीत नाहीं. परंतु अभ्यासक्रम हाहि एका परीनें ग्रंथच होय. त्याला रचना असते, निवड असते, गाळलेला भाग असतो. आणि तरुण मनावर त्याचा ठसा बहुधा ग्रंथापेक्षां अधिक खोल उमटतो.

प्रसंग असा कीं, आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतात व त्यांच्याकडे आम्ही उभयतां कांहीं महिने राहावयास गेलों होतों. तेथील कांहीं सरकारी विद्यापीठांत वृद्धांस परीक्षेचें बंधन न घालतां वर्गांत बसूं देतात. या सवलतीचा फायदा घेऊन ‘पौर्वात्य धर्मांचा परिचय’ हा विषय आम्हीं निवडला. पंधरा आठवड्यांचा तो क्रम होता. पहिले चार आठवडे हिंदु धर्म, पुढचे चार बौद्ध धर्म, एका आठवड्यांत जैन आणि शीख दोन्ही, नंतर चीनमधील कन्फ्यूशियसचा व ताओचा मार्ग, आणि अखेरीस जपानचा शिंतो. बहुतेक विद्यार्थ्यांनीं हा विषय पदवीची एक अट पुरी करावयाची म्हणून घेतलेला होता. त्यांत तीन-चार मुलें आपल्याकडचींहि होतीं. जन्म तिकडला, आडनांव इकडलें. आज पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांतील नातवंडें आपल्या आजी-आजोबांच्या धर्माची पहिली सुसंगत हकीकत अशाच वर्गांत ऐकतात, आणि तीच त्यांच्याजवळ जन्मभर राहण्याचा संभव असतो. म्हणून हा विषय आमच्या वाचकांना परका वाटूं नये.

या अभ्यासाचा उगम थोडक्यांत सांगितला पाहिजे. मॅक्स म्युल्लर यांनीं १८७० सालीं लंडनमध्यें धर्मांच्या शास्त्रीय अभ्यासावर व्याख्यानें दिलीं, आणि पुढें त्यांच्या संपादकत्वाखालीं पूर्वेकडील पवित्र ग्रंथांची पन्नास खंडांची माला ऑक्सफर्डहून १८७९ ते १९१० या काळांत प्रसिद्ध झाली. तिच्यांतील भगवद्गीतेचें भाषांतर मुंबईचे काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांचें आहे. तें १८८२ सालीं निघालें. या मालेंत कुराण होतें, अवेस्ता होती. ख्रिस्ती व यहुदी लोकांचे धर्मग्रंथ मात्र नव्हते. म्हणजे ‘पूर्व’ या शब्दाचा अर्थ त्या काळीं बायबलाबाहेरचें सर्व जग असा होता. आजच्या वर्गांत इस्लामला यहुदी व ख्रिस्ती धर्मांच्या पंक्तीस बसवून बहुधा ‘पाश्चात्त्य’ धर्मांत घालतात. वस्तुतः मुसलमानांची सर्वांत मोठी वस्ती इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत व बांगला देश या चार देशांत आहे, आणि येशू ख्रिस्ताचा जन्महि आशिया खंडांतलाच. तेव्हां ‘पौर्वात्य’ हें विशेषण कोणत्याहि दिशेचें नांव नसून वर्गवारीची एक सोय आहे, हें विद्यार्थ्यांस पहिल्याच दिवशीं सांगावयास हवें. आमच्या वर्गांत तें सांगितलें गेलें, पण अकराव्या आठवड्यांत. तोंपर्यंत जेजुरीचा वाघ्या आणि क्योतोचा झेनपंथी भिक्षु हे एकाच बिऱ्हाडांत राहतात, अशी पोरांची समजूत होऊन बसली होती.

हा अभ्यास अमेरिकन विद्यापीठांत इतका पसरला याला कारण तेथील सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा एक निकाल हें होय. सरकारी शाळांतून बायबलाचें सक्तीचें पठण घटनाविरुद्ध आहे, असें न्यायालयानें ठरविलें. पण त्याबरोबरच धर्मांची तटस्थ माहिती शिक्षणाचा भाग म्हणून देण्यास हरकत नाहीं, असेंहि म्हटलें. धर्म शिकविणें निराळें आणि धर्माविषयीं शिकविणें निराळें, हा भेद त्यामुळें रूढ झाला व सरकारी विद्यापीठांतून या विषयाचे विभाग निघूं लागले. भेद शहाणपणाचा आहे. त्याच्या आधारानेंच एक हिंदु म्हातारा, एक बाप्टिस्ट शेतकऱ्याचा मुलगा व एक नास्तिक मुलगी एका बाकावर बसून बुद्धाचीं चार आर्यसत्यें ऐकूं शकलीं, आणि कोणालाहि संकोच वाटला नाहीं.

आतां मुख्य पाठ्यपुस्तकाकडे वळूं. ह्यूस्टन स्मिथ यांचें जगांतील धर्मांवरील पुस्तक १९५८ सालीं प्रथम निघालें, १९९१ सालीं तें नव्या नांवानें सुधारून निघालें, आणि अशा वर्गांतून तें दोन पिढ्या वाचलें गेलें आहे. ग्रंथकर्ता चीनमध्यें सूचौ येथें धर्मोपदेशक आई-बापांच्या पोटीं जन्मला (१९१९) व २०१६ सालीं वारला. पुस्तक अत्यंत वाचनीय आहे. परक्याच्या धर्माबद्दल लिहितांना लेखणी इतकी आदरानें व उबेनें चालवावी, हा गुण दुर्मिळ होय. धर्मांचा इतिहास किंवा त्यांच्या नांवानें झालेले अत्याचार आपण सांगणार नसून त्यांच्यांत जें उत्तम आहे तेंच सांगणार आहों, असें ग्रंथकर्त्यानें आरंभींच कबूल केलें आहे. संगीताची गोडी लावणारा शिक्षक वाईट गाणीं ऐकवीत बसत नाहीं, असा त्याचा युक्तिवाद आहे, आणि तो एका मर्यादेपर्यंत मान्य करण्याजोगा आहे.

हिंदु धर्मावरील प्रकरणाची रचना मोठी सुबक आहे. माणसाला काय हवें असतें, येथून आरंभ होतो: सुख, यश, मग कर्तव्य, आणि शेवटीं मोक्ष. पुढें ज्ञान, भक्ति, कर्म व राज असे चार योग. मग जीवनाचे चार आश्रम. मग समाजाचे चार वर्ण. सर्व कांहीं चौकोनी, नीटनेटकें. पहिल्या वाचनांत आम्हांस अगदीं धन्य वाटलें. आमच्या धर्माचें इतकें स्वच्छ विवेचन आम्हांस स्वतःला कधींहि करतां आलें नसतें. आमच्या ओळखीचा असा एक तरुण बाजूला बसत असे. त्याला आम्हीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, हें सारें अक्षरशः खरें आहे.

या अभिमानास धक्का बसला तो एका मुलीच्या प्रश्नानें. शिक्षिकाबाईंनीं प्रत्येकास असें काम दिलें होतें कीं, पुस्तकांतील एका धर्माच्या माणसाची मुलाखत घ्यावी व पुस्तक आणि माणूस यांचा मेळ कोठें बसतो व कोठें बसत नाहीं तें लिहावें. कोरियन आई-बापांची एक मुलगी आमच्याकडे आली. तुमचा विश्वास कशावर आहे, असें तिनें विचारलें. आम्हीं ब्रह्म, आत्मा, कर्म, चार योग असें सर्व सांगितलें. तिनें तें निमूटपणें लिहून घेतलें व म्हणाली, ‘हें सगळें पुस्तकांत आहे, आणि याच क्रमानें आहे. घरीं तुम्ही काय करतां?’ आम्हीं पूजेचें सांगितलें. ती कोण करतें, असें तिनें विचारलें. पूजा बहुतेक आमच्या सौभाग्यवती करतात. त्यावर ती मुलगी अगदीं सरळपणें म्हणाली, ‘मग पुस्तकांतल्या चार आश्रमांपैकीं त्या कोणत्या आश्रमांत आहेत?’

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ व संन्यास ही योजना पुरुषाच्या आयुष्याची आहे. तिच्यांत स्त्री आहे ती गृहस्थाची पत्नी म्हणून. पण आमच्या घरांतील धर्म म्हणून जें कांहीं चालतें तें चालविणारी व्यक्ति तीच. आम्ही परदेशीं निघालों तेव्हां आम्हीं सामानांत गीतेची एक प्रत ठेवली होती. त्यांनीं एका डबींत देवघरांतील टाक घेतले होते. त्यांतला एक खंडोबाचा. खंडोबा म्हणजे शंकराचेंच एक रूप, एवढें आमचें त्याविषयींचें ज्ञान. त्या रात्रीं आम्हीं त्यांना प्रथमच तपशीलानें विचारलें. चातुर्मासांत वांगें कां वर्ज्य करावयाचें, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कां, तळी उचलावयास कोण कोण लागतात, ताम्हनांत भंडार व खोबरें कसें ठेवावयाचें, हें त्या सांगत गेल्या. कां, या प्रश्नाला त्यांचें उत्तर बहुधा एकच होतें: सासूबाई करीत, त्यांना त्यांच्या सासूबाईंनीं सांगितलें. शेवटीं त्या थोड्या त्रासून म्हणाल्या, ‘पुस्तकांत काय आहे तें तुम्ही बघा, देवाला आज काय लागतें तें मला बघूं द्या.’ चाळीस वर्षांच्या संसारांत हा विषय आम्हीं कधीं काढला नव्हता, याची आम्हांस लाज वाटली.

यावरून पाठ्यपुस्तकाचा दोष आमच्या ध्यानांत आला, आणि आमचाहि. पुस्तक आम्हांस इतकें पटलें, कारण तें आणि आमची धर्मकल्पना एकाच टांकसाळींतून निघालेलीं होतीं. ह्यूस्टन स्मिथ यांनीं हिंदु धर्माचे पाठ सेंट लुईस येथील वेदान्त सोसायटीच्या स्वामींजवळ घेतले होते. चार योगांची ती मांडणी विवेकानंदांनीं १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेनंतर अमेरिकन श्रोत्यांपुढें केलेल्या व्याख्यानांतून प्रसृत झालेली आहे. तीच मांडणी इकडे आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें इंग्रजी शिक्षणाबरोबर आपलीशी केली. परक्यांच्या टीकेपुढें मान ताठ ठेवण्यास तिचा मोठा उपयोग झाला, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. पण तिचा आधार मिळतांच सुशिक्षितांनीं देवघर, कुलाचार, जत्रा, नवस, अंगांत येणें या सर्वांना ‘रूढि’ या नांवाखालीं स्वयंपाकघराकडे लोटलें, आणि ‘धर्म’ हा शब्द पुस्तकांच्या कपाटापुरता राखला. मग परदेशी ग्रंथकारानें तेंच केलें तर त्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

हा दोष केवळ हिंदु धर्मावरील प्रकरणापुरता नाहीं. त्या कोरियन मुलीचें कुटुंब कॅथोलिक होतें; तरी तिची आजी वर्षांतून ठराविक दिवशीं पितरांपुढें भात, फळें व मासे मांडून नमस्कार करीत असे. १९३९ नंतर कॅथोलिक धर्मपीठानें अशा पितृपूजेवरील जुनी बंदी सैल केलेली आहे. कन्फ्यूशियसवरील प्रकरणांत त्या मुलीला त्या ऋषितुल्य पुरुषाचीं वचनें पुष्कळ सांपडलीं, पण आजीचें तें ताट सांपडलें नाहीं. जपानची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तेथें सरकार दर वर्षीं धर्मसंस्थांकडून अनुयायांचे आंकडे मागवितें; शिंतो व बौद्ध यांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षां जास्त भरते. मूल जन्मलें कीं शिंतो देवळांत न्यावें आणि माणूस वारला कीं बौद्ध भिक्षूस बोलवावें, यांत तेथील कुटुंबास विरोध दिसत नाहीं. चीनमध्येंहि कन्फ्यूशियस, ताओ व बुद्ध यांच्या तीन शिकवणी एकाच घरांत पिढ्यान्‌पिढ्या सुखानें नांदल्या. एका माणसाला एकच धर्म, त्या धर्माला एक संस्थापक, एक ग्रंथ व एक मतसंग्रह, ही चौकट पाश्चात्त्यांनीं आपल्या धर्मावरून बेतली. आणि तींत न बसणारें जें जें तें ‘लोकाचार’ म्हणून बाहेर ठेवलें. विल्फ्रेड कॅंटवेल स्मिथ या कॅनेडियन पंडितानें १९६२ सालींच असें प्रतिपादिलें कीं, ‘धर्म’ या नामानें अशा ठोकळेबाज वस्तु कल्पिण्यापेक्षां एकीकडे साठत आलेली परंपरा व दुसरीकडे माणसाच्या अंतःकरणांतील श्रद्धा अशीं दोन अंगें पाहावीं. साठांहून अधिक वर्षें झालीं, तरी अभ्यासक्रमांचे आठवडे अजून त्याच जुन्या ठोकळ्यांप्रमाणें वांटले जातात.

शिक्षिकाबाईंच्या न्यायबुद्धीची येथें तारीफ केली पाहिजे. या उणीवेची त्यांना जाणीव होती, आणि मुख्य पुस्तकाच्या जोडीस त्यांनीं दोन निराळे पाठ दिले होते. एक डायना एक यांचें ‘दर्शन’ हें १९८१ सालचें छोटें पुस्तक. हिंदु माणूस देवळांत जातो तो देवाला पाहावयास व देवाच्या दृष्टीस पडावयास; पाहणें हीच त्याच्या उपासनेची मुख्य क्रिया होय, हें साधें सत्य त्यांत मांडलें आहे. ‘दर्शनाला जाऊन येतों’ हें वाक्य आपण रोज बोलतों. त्यांत एवढा अर्थ भरलेला आहे हें परकीय विदुषीनें दाखवावें लागलें. दुसरा पाठ पाहून आम्हांस सुखद आश्चर्य वाटलें. तो होता इरावतीबाई कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख. ‘परिपूर्ती’ या त्यांच्या संग्रहांत (१९४९) तो मराठीत आहे. १९६२ सालीं त्याचें इंग्रजी रूपांतर एका अमेरिकन नियतकालिकांत आलें, आणि एलिनॉर झेलियट व मॅक्सीन बर्नसन यांनीं महाराष्ट्रांतील धर्मजीवनावर संपादिलेल्या १९८८ च्या लेखसंग्रहांतहि त्याला स्थान मिळालें. पालखीबरोबर पंढरीस पायीं जातांना विदुषीचें मन भारावून जातें, आणि त्याच वेळीं एकाच दिंडींत ब्राह्मणांची व मराठ्यांची पंगत वेगळी पडते हें तिला सलतें. भक्ति आणि भेद हीं दोन्हीं एका वाटेवर चालतांना तिनें पाहिलीं व दोहोंपैकीं एकहि झांकलें नाहीं. धर्मांतील उत्तम तेवढेंच सांगावें, या तत्त्वाला यापेक्षां चांगलें उत्तर आम्हांस माहीत नाहीं. वर्गांतील पोरांनीं चार योग परीक्षा होतांच विसरले असतील. पण त्या वेगळ्या पंगतीविषयीं तीं तासभर भांडलीं.

एका उणीवेबद्दल मात्र शिक्षिकाबाईंनाहि आम्ही मोकळें सोडूं शकत नाहीं. बौद्ध धर्माचे चार आठवडे सारनाथाहून निघाले ते लंका, तिबेट, चीन व जपान करीत पुढें गेले आणि माघारी आले नाहींत. बौद्ध धर्म भारतांतून लोपला, येथें त्या कथेचा भारतापुरता शेवट झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, या घटनेला अर्धा तासहि मिळाला नाहीं. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें भारतांत बौद्ध सुमारें ८४ लाख आहेत आणि त्यांतील ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रांत. आम्हीं हें वर्गांत उठून सांगितलें, तेव्हां आमच्या बाजूचा तो अभिमानी तरुण कुजबुजला कीं, यामुळें आपली बाजू पडती दिसते. आम्हीं त्याला म्हटलें, बाबा, आपली बाजू लढवावयास आपण येथें आलों नाहीं; आपला देश समजावून घ्यावयास आलों आहों.

यावरून एक तत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. एखाद्या धर्माविषयीं जें शिकवावयाचें तें त्या धर्मीयांस मान्य होईल असें असावें, असें वर उल्लेखिलेल्या कॅंटवेल स्मिथनें म्हटलें आहे. परदेशांतील आमचे कांहीं बांधव आज हीच मागणी हिरीरीनें करतात, आणि अज्ञानानें किंवा कुचेष्टेनें केलेल्या वर्णनाविरुद्ध ती योग्यहि आहे. पण ‘त्या धर्मीयांस’ म्हणजे कोणास? आमच्या घरांतच दोन मतें निघालीं. टाकांची डबी बाळगणाऱ्या आमच्या सौभाग्यवती, गीतेची प्रत बाळगणारे आम्ही, पालखीपुढचा वारकरी, जेजुरीचा वाघ्या, आणि हा धर्म सोडून दीक्षाभूमीवर गेलेल्यांचा नातू, यांपैकीं कोणाची मान्यता घ्यावयाची? ज्याला इंग्रजी येतें व जो वर्गांत हजर आहे त्याचीच मान्यता घेतली जाते. आणि तो बहुधा आमच्यासारखाच निघतो. आमच्या मतें खरी कसोटी अशी असावी कीं, वर्णन वाचून एकाच धर्मांतील निरनिराळ्या पायऱ्यांवरील माणसांना आपली व एकमेकांची ओळख पटावी. कोणास तें थोडें बोंचलें तरी हरकत नाहीं.

आणि आपल्याकडे काय आहे? आपल्या घटनेच्या २८ व्या कलमानें सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणास मनाई आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील १९४८-४९ च्या विद्यापीठ आयोगानें धर्मसंस्थापकांचीं चरित्रें, निरनिराळ्या धर्मग्रंथांतील वेंचे व धर्माच्या तत्त्वज्ञानांतील प्रश्न असा तीन वर्षांचा क्रमहि सुचविला होता. धर्मांविषयीं शिकविण्यास घटनेची आडकाठी नाहीं, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २००२ सालीं सांगितलें. कायदा दोन्ही देशांत जवळजवळ सारखाच. परंतु तिकडे त्यांतून विभाग निघाले, इकडे मुख्यतः मौन निघालें. आपल्या पदवीधरांपैकीं बहुतेकांस शेजाऱ्याचा धर्म कोणीं कधीं सरळ समजावून सांगितलेला नसतो. तो त्याला अफवांतून, सभांतून व भांडणांतून कळतो. पंधरा आठवड्यांच्या त्या सदोष अभ्यासक्रमापेक्षां ही स्थिति पुष्कळ अधिक वाईट आहे.

म्हणून आमचा निर्णय असा आहे. पौर्वात्य धर्मांचा हा प्रवेशपाठ ज्याच्या मुलाला किंवा नातवाला मिळत असेल, त्यानें तो अवश्य घेऊं द्यावा. मात्र पुस्तकांतील चौकोन हेच घर, असें त्याला मानूं देऊं नये. त्याच्या घरींहि एक वर्ग आहे, आणि तेथील अध्यापिका बहुधा आजी असते. तिला कोणी प्रश्न विचारीत नाहीं म्हणून ती बोलत नाहीं. आम्ही परत आल्यापासून सौभाग्यवतींनीं सांगितलेलें एका वहींत टिपून ठेवूं लागलों आहों. वही अर्धी भरली आहे, आणि अद्याप श्रावण संपलेला नाहीं. त्या कोरियन मुलीला तिच्या निबंधांत किती गुण मिळाले हें आम्हांस ठाऊक नाहीं. तिनें आम्हांस शिकविलें त्याचे गुण देणें मात्र आमच्याकडे होतें, आणि तेवढ्यासाठीं हा लेख लिहिला.